कुर्दिश, स्वीडिश आणि मधे उभी मराठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गोथेनबर्गला स्वीडिशच्या वर्गात तुमच्या शेजारी एक कुर्द गृहस्थ बसतात. ते म्हणतात, ‘कुर्दिश आणि स्वीडिश एकाच घराण्यातल्या भाषा आहेत, म्हणून मला स्वीडिश सोपी जाते.’ हे खरं का? दोन्हींत साम्य किती? आणि खरं असेल, तर त्यांच्या वहीतल्या चुका तुमच्या चुकांपेक्षा इतक्या वेगळ्या का?

मी उप्सालात सोळा वर्षं एसएफआयमध्ये शिकवते आहे, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठी सरकार जे स्वीडिशचे मोफत वर्ग चालवतं, तिथे. कुर्दिश आधी विद्यार्थ्यांच्या तोंडून कानावर पडली, मग कुतूहल आवरेना म्हणून पुस्तकं घेऊन बसले. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे आणि उत्तर थोडं लांबणार आहे.

घराण्याबद्दल तुमचे शेजारी बरोबर बोलतात. ‘म्हणून सोपी’ हे मात्र मला पटत नाही. दोन भाषांचं रक्ताचं नातं असणं आणि त्या एकमेकींसारख्या दिसणं-वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुर्दिश आणि स्वीडिश यांचं नातं आहे, पण ते काही हजार वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या शाखांचं. कुर्दिशच्या व्याकरणात शिरल्यावर मला जी सगळ्यात ओळखीची वाटली ती स्वीडिश नव्हती, मराठी होती.

आधी एक खुलासा. ‘कुर्दिश’ ही एकच एक प्रमाण भाषा नाही. तुर्कस्तान, सीरिया आणि इराकच्या उत्तर भागात कुरमांजी बोलतात. इराकमध्ये सुलेमानिया-एर्बिलकडे आणि इराणच्या लगतच्या भागात सोरानी. कुरमांजी तुर्कस्तान-सीरियात रोमन लिपीत लिहितात, सोरानी अरबी लिपीत थोडे बदल करून. दोघींच्या व्याकरणात चांगलाच फरक आहे. कुरमांजीत नामांना लिंग आहे, सोरानीत ते उरलेलं नाही. तुमचे शेजारी कुठले आहेत ते आधी विचारा, कारण त्यांच्या निम्म्या चुकांचं कारण तिथेच सापडेल. मी खाली बहुतेक उदाहरणं कुरमांजीची देते आहे. कुर्दिशमधला ‘ख’ आपल्या ‘खडू’तला नाही, तो घसा घासून निघतो, ‘खुदा’चा अस्सल उर्दू उच्चार करताना निघतो तसा. आणि ‘एझ’मधला ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला घ्या.

आता घराणं. कुर्दिश ही इराणी शाखेतली, म्हणजे फार्सी, बलुची, पश्तो यांच्या बाजूची. मराठी भारतीय-आर्य शाखेतली. या दोन शाखा मिळून भारत-इराणी कुळ होतं. स्वीडिश जर्मानिक कुळातल्या उत्तरेकडच्या शाखेत, डॅनिश-नॉर्वेजियनच्या शेजारी. ही दोन्ही कुळं पुन्हा एकाच मोठ्या इंडो-युरोपीय कुटुंबातली. म्हणजे कुर्दिश ही मराठीची चुलत बहीण, आणि स्वीडिश या दोघींचीही फार लांबची नातलग. वर्गात मी फळ्यावर तीन रकाने आखते आणि हे लिहिते: नाव, मराठीत ‘नाव’, कुरमांजीत ‘नाव’, स्वीडिशमध्ये ‘नम्न’. कुरमांजीतला शब्द आपल्यासारखाच ऐकू येतो, मी लिहिताना काही जुळवून घेतलेलं नाही. नऊ, ‘नॅह’, ‘नीऊ’. दहा, ‘दॅह’, ‘तीऊ’. नवा, ‘नू’, आणि स्वीडिश ‘नी’, जी ओठांचा चंबू करून म्हणायची. दार, ‘दॅरी’, ‘दोर्र’. तू, ‘तु’, ‘द्यू’.

यातले फरक मनाला येतील तसे नाहीत, ते नियमाने पडलेले आहेत. मूळच्या ‘द’चा जर्मानिक भाषांत ‘त’ झाला: दोन, ‘दु’, पण ‘त्वो’. दात, ‘दिदान’, पण ‘तन्द’. दहाचं वर आलंच. मूळच्या ‘प’चा ‘फ’ झाला: पाच, ‘पेंज’, पण ‘फेम’. पाय, ‘पे’, पण ‘फूत’. उलट इराणी शाखेत ‘स’चा ‘ह’ झाला, म्हणून आपले सात कुर्दांकडे ‘हॅफ्त’ आहेत. सिंधूचं हिंदू ज्या वाटेने झालं तीच ही वाट. एकदा एका हुशार मुलीने मला अडवलं होतं: ‘द’चा ‘त’ होत असेल, तर दाराचं ‘तोर्र’ का नाही झालं? प्रश्न अगदी नेमका होता. दाराच्या मूळ शब्दात ‘द’ नव्हता, ‘ध’ होता, आणि ‘ध’चा जर्मानिकमध्ये ‘द’ होतो. संस्कृतात तो ‘द्वार’ झाल्यामुळे आपल्याला मूळचा ‘ध’ दिसत नाही. स्वीडिश ‘दोर्र’मध्ये त्याचा माग राहिला आहे. भावाचंही तसंच. मूळच्या ‘भ’चा तिकडे ‘ब’ झाला, म्हणून कुरमांजी ‘बिरा’ आणि स्वीडिश ‘ब्रूर’ जवळजवळ सारखे ऐकू येतात, आणि आपण मात्र ‘भ्राता’चा ‘भाऊ’ करून मोकळे झालो.

सगळ्यात गोड जोडी ‘मिन’ची. कुरमांजीत ‘माझं’ म्हणजे ‘मिन’, आणि स्वीडिशमध्येही ‘माझा’ म्हणजे ‘मिन’. हा योगायोग नाही, दोन्हींच्या मुळाशी ‘मी-मला-माझं’मधला तोच जुना ‘म’ आहे. कुर्द विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ‘माझा भाऊ’ म्हणजे ‘मिन ब्रूर’ असं सांगितलं की त्याचा चेहरा उजळतो, कारण त्याच्या घरी ते ‘बिराये मिन’ असतं. शब्द तेच, क्रम उलटा. तुमच्या शेजाऱ्यांना ‘सोपी जाते’ असं वाटण्याचं मूळ बहुधा या पहिल्या आठवड्यात आहे.

पण नुसत्या ऐकण्यावर विसंबू नका. ‘सॅर’ म्हणजे कुरमांजीत डोकं, स्वीडिशमध्ये ‘सेर’ म्हणजे बघतो. ‘आव’ तिकडे पाणी, इकडे ‘चा, ची, चे’सारखं अव्यय. ‘साल’ तिकडे वर्ष, इकडे मोठी खोली. मराठी माणूस तर दोन्ही बाजूंनी फसतो. कुरमांजीत ‘बाजार’ हा शब्द ऐकला की भाजी घ्यायची पिशवी आठवते, पण तिथे त्याचा अर्थ शहर असा आहे. ‘रोझ’सारखं काही ऐकू आलं की आपल्याला ‘रोज’ आठवतो, आणि कुरमांजी ‘रोझ’ म्हणजे खरंच दिवस. पण ‘रोज’ मराठीत फार्सीतून आला, आपल्या आजीच्या आजीकडून नाही. उसना शब्द आणि वारशाचा शब्द वेगळे काढल्याशिवाय नात्याबद्दल बोलू नये. ‘खाणं’साठी कुरमांजीत ‘ख्वारिन’ आहे, त्याचं आणि आपल्या ‘खाणे’चं मूळ वेगळं आहे, कितीही सारखं वाटलं तरी.

नातेवाइकांच्या शब्दांपाशी मी दर वर्षी एक पूर्ण तास घालवते, कारण इथे तिन्ही भाषा एका पंगतीला बसतात. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. स्वीडिशमध्ये मात्र काका ‘फारब्रूर’, मामा ‘मूरब्रूर’, आत्या ‘फास्तर’, मावशी ‘मूस्तर’. शब्द उलगडून पाहा: बापाचा भाऊ, आईचा भाऊ, बापाची बहीण, आईची बहीण. कुरमांजीत काका ‘माम’ (काही भागांत ‘आप’), मामा ‘खाल’, आत्या ‘मॅत’, मावशी ‘खालती’. चारही नाती वेगळी, अगदी आपल्यासारखी. फक्त ‘माम’ म्हणजे काका, मामा नव्हे, हे मराठी माणसाने दोनदा म्हणून पक्कं करावं. आजी-आजोबांपाशी मात्र स्वीडिश आपल्या पुढे जाते. बापाची आई ‘फारमूर’, आईची आई ‘मूरमूर’, बापाचे वडील ‘फारफार’, आईचे वडील ‘मूरफार’. आपल्याकडे दोघीही आजीच. कुरमांजीतही दोघींना ‘दापीर’. माझ्या वर्गातल्या एका कुर्द आजींनी हे समजल्यावर विचारलं होतं, ‘मग नातवंडांना एकच शब्द पुरत नाही का?’ मी म्हटलं, पुरतो की, आम्हालाही पुरतो.

शब्दांचं एवढं पुरे. खरा फरक वाक्यात आहे, आणि तिथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हे तीन भाषांतलं एकच वाक्य बघा. मराठीत: ‘तो भाकरी खातो’, पण ‘त्याने भाकरी खाल्ली’. भूतकाळ आला की ‘तो’चा ‘त्याने’ होतो आणि क्रियापद कर्त्याला सोडून भाकरीच्या मागे जातं. कुरमांजीत: ‘ॲव नान दिख्वॅ’, तो भाकरी खातो. भूतकाळात: ‘वी नान ख्वार’. ‘ॲव’ गेला, ‘वी’ आला. हा ‘वी’ म्हणजे आपला ‘त्याने’. ती असेल तर ‘वे’, आपली ‘तिने’. स्वीडिशमध्ये ‘हान’ म्हणजे तो, खाताना ‘हान’ आणि खाऊन झाल्यावरही ‘हान’. क्रियापद ‘एतेर’चं ‘ओत’ होतं, बाकी वाक्याला धक्का लागत नाही.

‘मी’च्या बाबतीत कुर्दिश आजच्या मराठीपेक्षाही काटेकोर आहे. ‘एझ सेवे दिख्विम’, मी सफरचंद खातो. ‘मिन सेव ख्वार’, मी सफरचंद खाल्लं. सफरचंदं अनेक असतील तर ‘मिन सेव ख्वारिन’. क्रियापदाला अनेकवचन लागलं ते सफरचंदांमुळे, माझ्यामुळे नव्हे. आपणही ‘आंबा खाल्ला, आंबे खाल्ले’ असंच म्हणतो. आपण आज दोन्हीकडे ‘मी’ म्हणतो, पण जुन्या मराठीत भूतकाळी ‘म्यां केले’ असं होतं. कुर्दांचा ‘मिन’ म्हणजे तो आपला ‘म्यां’. पोथी वाचणाऱ्या आजीला कुरमांजी शिकवायची वेळ आली, तर हा धडा तिला पाच मिनिटांत कळेल.

एका ठिकाणी कुर्दिश आपल्याहूनही पुढे जाते. ‘मी तुला पाहिलं’ या वाक्यात आपण ‘तू’चा ‘तुला’ करतो आणि क्रियापद नपुंसकात सोडून देतो. कुरमांजीत ‘मिन तु दीती’. ‘तु’ सरळ रूपातच राहतो आणि क्रियापदाला ‘तू’चा प्रत्यय लागतो. पाहिलं मी, पण क्रियापद तुझं. सोरानीने तर ‘म्यां’ला प्रत्यय करून सफरचंदालाच चिकटवलं: ‘सेवॅकॅम ख्वार्द’. शेवटचा तो ‘म’ म्हणजे ‘मी’.

आता कल्पना करा, आयुष्यभर भूतकाळ असा बोललेला माणूस स्वीडिशच्या वर्गात येतो. त्याला वाटतं, भूतकाळ आला म्हणजे काहीतरी बदललं पाहिजे. सीरियातल्या कामिश्लीकडून आलेले एक पन्नाशीचे सुतार माझ्या वर्गात होते. फळ्यावर ‘काल मी सफरचंद खाल्लं’ लिहायला सांगितलं, तेव्हा खडूचं टोक ‘मी’वर अडलं. स्वीडिशमधल्या ‘याग’ म्हणजे ‘मी’, आणि ‘मेय’ म्हणजे ‘मला’, या दोन शब्दांपैकी कुठला, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी ‘मेय’ लिहिलं. वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात ‘एझ’ सोडून ‘मिन’ घेणारं सगळं व्याकरण चोख चालू होतं. मी त्यांना म्हटलं, तुमची चूक माझ्या मातृभाषेत चूक नाही, आमच्या जुन्या लोकांनी असंच लिहिलं असतं. मग स्वीडिशचा नियम सांगितला: इथे कर्ता काळाबरोबर बदलत नाही. त्यानंतर ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

स्वीडिशचा खरा जाच पुढे असतो, आणि तो तुम्हा दोघांनाही सारखाच होणार. क्रियापदाची जागा. मराठी आणि कुर्दिश दोन्हींत क्रियापद साधारणपणे शेवटी. कुर्दिशमध्ये जाण्याचं ठिकाण मात्र क्रियापदानंतर येतं: ‘एझ दिचिम माले’, मी जातो घरी. आपल्यालाही बोलताना ते खटकत नाही. स्वीडिशमध्ये साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागी खिळवलेलं असतं. पहिल्या जागी काहीही ठेवा, दुसरं क्रियापदच. ‘मी आज काम करतो’ ठीक, पण ‘आज’ने सुरुवात केली की ‘आज करतो मी काम’ व्हायला हवं. वर्गातल्या बहुतेकांची वही ‘आज मी करतो’ने भरलेली असते, कुर्द असो, अरब असो की पुण्याचा संगणक अभियंता. त्यात भर म्हणजे गौण वाक्यात ‘इन्ते’, म्हणजे ‘नाही’, क्रियापदाच्या आधी उडी मारतं. आम्ही शिक्षक त्याला ‘बिफ्फ’चा नियम म्हणतो, नियमातल्या शब्दांची आद्याक्षरं जोडून. कुर्दिशमध्ये नकार क्रियापदाच्या पोटातच असतो, ‘दिख्विम’चं ‘नाख्विम’. जागेचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ‘इन्ते’ कुठे ठेवायचं यावर तुमचे शेजारी तुमच्याहून जास्त अडखळत असतील, तर नवल नाही.

मालकीच्या शब्दांत मात्र बाजी उलटते. ‘माझ्या भावाचं घर’ स्वीडिशमध्ये ‘मिन ब्रूर्स हूस’. माझ्या, भावाचं, घर. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. कुरमांजीत ‘माला बिराये मिन’: घर, भाऊ, माझा. सगळं पाठीमागून. मधले ते ‘आ’ आणि ‘ये’ दोन शब्दांना बांधणारे दुवे आहेत, आणि ते लिंगाप्रमाणे बदलतात. घर कुरमांजीत स्त्रीलिंगी, म्हणून ‘माला’. भाऊ पुल्लिंगी, म्हणून ‘बिराये’. म्हणूनच कुर्द विद्यार्थी स्वीडिशमध्ये ‘घर आव माझा भाऊ’ अशी ओढाताण करतात, आणि तुम्ही ते वाक्य पहिल्याच दिवशी बरोबर लिहिता. इथे तुमची मातृभाषा तुम्हाला हात देते, त्यांची त्यांना मागे ओढते. दूरच्या नात्याचा इथे कुणालाच उपयोग नाही.

सोरानी बोलणाऱ्यांना एक सवलत मिळते, ती कुरमांजीवाल्यांना नाही. स्वीडिशमध्ये ‘ते ठरावीक’ दाखवायला शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लागतो: ‘बूक’ पुस्तक, ‘बूकेन’ ते पुस्तक. सोरानीत ‘कितेब’, ‘कितेबॅकॅ’. अनेक असतील तर स्वीडिश ‘बोकर्ना’, सोरानी ‘कितेबॅकान’. हा वारसा नव्हे. दोन भाषांनी आपापल्या परीने तोच मार्ग काढला. पण सोरानी माणूस हा धडा एका बैठकीत उचलतो. मराठीत असा प्रत्यय नाही, म्हणून आपल्याला तो महिनोन्महिने छळतो. विशेषण आलं की सोरानीवालेही थबकतात, कारण स्वीडिश तेव्हा पुढे ‘देन’ लावते आणि मागचा प्रत्ययही सोडत नाही: ‘देन स्तूरा बूकेन’. दोन्हीकडून बांधल्यासारखं.

लिंगाबद्दल थोडक्यात. कुरमांजीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग, मराठीत तीन, स्वीडिशमध्ये दोन, पण ती पुरुष-स्त्री अशी नाहीत. ‘एन’वाले शब्द आणि ‘एत्त’वाले शब्द, म्हणजे ‘एक’ म्हणताना ज्यांच्याआधी ‘एन’ लागतं ते आणि ‘एत्त’ लागतं ते. सुमारे तीन चतुर्थांश शब्द ‘एन’वाले, म्हणून शंका आली की ‘एन’ म्हणा, हा माझा सल्ला. आपल्या नपुंसकलिंगाशी ‘एत्त’ची सांगड घालायला जाऊ नका. मूळ एकच असलं तरी आज जुळत नाही. क्रियापदाचे प्रत्यय तर स्वीडिशने जवळजवळ टाकूनच दिले: मी, तू, तो, आम्ही, सगळ्यांना ‘एतेर’. कुरमांजीत ‘दिख्विम, दिख्वी, दिख्वॅ, दिख्विन’. इथे शिकणारे सगळेच सुटकेचा श्वास टाकतात.

मात्र उच्चारात तुम्ही दोघं एकमेकांचे शिक्षक होऊ शकता. स्वीडिशमध्ये ‘र’नंतर ‘त, द, न, स’ आले की दोन्ही मिळून जीभ वळते आणि ‘ट, ड, ण, ष’ होतात. मूल या अर्थाचा स्वीडिश शब्द ‘बारन’ असा लिहितात आणि उप्साला-स्टॉकहोमकडे म्हणतात चक्क ‘बाण’. आपला धनुष्यातला बाण. टेबल म्हणजे ‘बूड’, ‘र’ अधिक ‘द’. आपल्याला हे जन्मजात येतं. कुर्दिशमध्ये ‘ण’, ‘ट’ नाहीत, त्यामुळे तुमचे शेजारी ‘बा-र-न’ असं सुटं सुटं म्हणत असतील. आणि उलट, आपण जे साधे ‘त’ आणि ‘द’ म्हणतो, तेच स्वीडिशचे साधे ‘त’ आणि ‘द’ आहेत. इंग्रजीच्या सवयीने मराठी माणूस तिथे ‘ट’, ‘ड’ घुसवतो आणि विनाकारण परका वाटतो.

उलट, सात म्हणजे ‘ख्यू’सारखं काहीतरी ऐकू येणारा तो प्रसिद्ध आवाज आपल्याला घाम फोडतो. कुर्दांकडे त्याची तयारी आहे. त्यांच्या ‘ख्वार’चा सुरुवातीचा आवाज, घशातून घासलेला ‘ख’ आणि त्याच क्षणी गोल झालेले ओठ, त्या स्वीडिश आवाजाच्या अगदी दारात आहे. जोडाक्षरांतही त्यांना अडचण नाही. कुरमांजीत तारा ‘स्तेर’, गाणं ‘स्त्रान’, पांढरा ‘स्पी’. ‘इस्तेर’, ‘इस्पी’ असा आधार त्यांना लागत नाही. स्वीडिशचा सूर, म्हणजे ‘अन्देन’ एका चढउताराने बदक आणि दुसऱ्याने आत्मा, हा मात्र दोघांनाही नवा. तो ऐकत ऐकतच येतो.

वाचनात कुर्द माणूस एका वेगळ्याच कारणाने फसतो. त्याची लिपी स्वच्छ आहे. जलादत अली बद्रखान यांनी १९३२ साली दमास्कसहून ‘हावार’ नावाचं नियतकालिक काढलं आणि त्यात कुरमांजीसाठी ३१ अक्षरांची रोमन वर्णमाला वापरली. एक अक्षर, एक आवाज. देवनागरी वाचणाऱ्याला समजेल अशी शिस्त. त्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला तो १५ मेचा दिवस कुर्द आजही भाषादिन म्हणून पाळतात. या शिस्तीत वाढलेला माणूस स्वीडिश लेखन समोर आलं की प्रत्येक अक्षर उच्चारतो. मग त्याला सांगावं लागतं, की ‘क’च्या पुढे अमुक स्वर आला की त्याचा ‘श’ होतो, ‘ग’चा ‘य’ होतो, आणि सातातला तो आवाज तर अर्धा डझन तऱ्हांनी लिहितात.

या लिपीच्या गोष्टीत एक भाग असा आहे, की तो सांगितल्याशिवाय मला ही तुलना पुरी करता येत नाही. स्वीडिशचं पहिलं वृत्तपत्र १६४५ साली राजसत्तेच्या आश्रयाने निघालं. कुर्दिशचं पहिलं वृत्तपत्र ‘कुर्दिस्तान’ १८९८ साली निघालं, तेही कैरोत, आपल्या मुलखापासून लांब. (आपलं ‘दर्पण’ १८३२चं आणि मुंबईतलं.) स्वीडिश बोलणारे सुमारे एक कोटी, त्यांच्यामागे एक राष्ट्र उभं आहे, फिनलंडमध्येही तिला अधिकृत स्थान आहे, आणि १७८६ पासून तिच्यासाठी अकादमी आहे. कुर्दिश बोलणारे त्याच्या दुपटीहून कमी नाहीत, पण इराकच्या २००५च्या संविधानात अरबीबरोबर अधिकृत स्थान मिळेपर्यंत तिच्या वाट्याला असं फारसं काही आलं नव्हतं. तुर्कस्तानात १९८३ पासून १९९१ पर्यंत कायद्यानेच तिच्यात काही छापणं बंद होतं. त्यानंतरही कुर्दिशमध्ये लागणारी तीन रोमन अक्षरं, क्यू, डब्ल्यू आणि एक्स, तुर्की वर्णमालेत नाहीत म्हणून अधिकृत कागदावर चालत नव्हती. त्यांच्यावरची बंदी उठवण्याची घोषणा २०१३ मध्ये झाली. गंमत बघा, त्यातल्या डब्ल्यूला स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीतही स्वतंत्र अक्षराची जागा २००६ मध्येच मिळाली, पण तोपर्यंत ते लिहिल्याबद्दल स्वीडनमध्ये कुणाला त्रास झाला नव्हता.

आणि म्हणूनच आधुनिक लिखित कुरमांजीचा मोठा भाग स्वीडनमध्ये घडला. १९७७च्या सुधारणेनंतर इथल्या शाळांत परदेशी मुलांना त्यांची मातृभाषा शिकवणं ही नगरपालिकांची जबाबदारी झाली. म्हणजे कुर्दिशला शिक्षक हवे झाले, क्रमिक पुस्तकं हवी झाली, छापखाने हवे झाले. त्याच वर्षी कुर्द लेखक मेहमेद उझून तुर्कस्तानातून स्वीडनला आले. १९८५ मध्ये त्यांची पहिली कुरमांजी कादंबरी इथे निघाली. तिचं नाव ‘तु’, म्हणजे आपला ‘तू’. स्टॉकहोममध्ये १९९७ पासून कुर्दिश ग्रंथालय आहे, उप्सालाच्या विद्यापीठात कुर्दिश शिकवतात. स्वीडिशने कुर्दिशला फारसे शब्द दिले नसतील, पण तिला बसायला टेबल आणि लिहायला दिवा दिला, असं मी वर्गात सांगते, तेव्हा वयस्क कुर्द विद्यार्थी मान हलवतात.

रचनेत समांतर जाणारे शब्द मात्र सापडतात. आजारी माणसाचं घर म्हणजे स्वीडिशमध्ये ‘शूकहूस’. कुरमांजीत ‘नॅख्वॅशखानॅ’, ‘ख्वॅश’ म्हणजे बरा, ‘नॅख्वॅश’ म्हणजे बरा नसलेला, ‘खानॅ’ घर. आपलं रुग्णालय त्याच साच्याचं. फक्त स्वीडिशमध्ये असे जोडशब्द तोडून लिहिण्याची मोठी चूक होते, आणि तोडले की अर्थ बदलतो. ‘आजारी घर’ लिहिलंत तर घरच आजारी होईल. देवनागरीत समास सलग लिहायची सवय असलेल्यांना हे लवकर पटतं.

तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा: कुर्दिश ही इथली ‘अधिकृत अल्पसंख्य भाषा’ आहे का? नाही. २००० सालापासून त्या यादीत फिनिश, मेएनकिएली, सामी, रोमानी आणि यिद्दिश या पाच भाषा आहेत, कारण त्या या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यातली रोमानी ही भारतातून गेलेल्या लोकांची भाषा, म्हणजे मराठीचीच सख्खी चुलत बहीण. इथे वर्गात ‘मराठीच्या घरातलं स्वीडनमध्ये कुणीच नाही’ असं कुणी म्हटलं की मी त्या यादीकडे बोट दाखवते.

आता तुम्हा दोघांसाठी काम. रोज चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं. तुम्ही त्यांच्याकडून ‘बाण’ म्हणवून घ्या, जीभ टाळूला नीट वळवून, ‘र’ अजिबात ऐकू न येता. त्यांना सांगा, तुम्हाला ‘ख्वार’ शिकवायला, आणि शेवटचं ‘आर’ गिळून नुसती सुरुवात धरून ठेवायला. तिथून स्वीडिश सात दोन-चार दिवसांत हाती लागतो. मग ‘माझ्या भावाचं घर’, ‘माझ्या भावाच्या मित्राचं घर’ अशा लांबत जाणाऱ्या ओळी तुम्ही बोला आणि त्यांना मागून म्हणू द्या. त्यानंतर दोघांनी वही उघडून ‘इगोर’, म्हणजे ‘काल’, या शब्दाने सुरू होणारी दहा वाक्यं लिहायची आणि अदलाबदल करून तपासायची. दुसरा शब्द क्रियापद नसेल, तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहायचं.